एका तारेवर सहा कॉम्प्युटर

घरात कॉम्प्युटर वाढले की पहिला विचार येतो तो दुसऱ्या कनेक्शनचा. आमच्याकडेही तोच आला होता. तळमजल्यावर धाकट्या जाऊबाईंचं जीएसटी आणि इन्कम टॅक्सचं काम चालतं, त्यासाठी दोन डेस्कटॉप. माडीवर मुलगा पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो, त्याचे दोन लॅपटॉप, एक कंपनीचा आणि एक स्वतःचा. पुतणी इंजिनिअरिंगला, तिचा एक. आणि सहावा माझा जुना डेस्कटॉप, ज्यावर हे टाइप करते आहे. फोन, टीव्ही वेगळे. माडीवर मीटिंग मध्येच गोठायला लागली आणि मार्चअखेरीस जाऊबाईंची रिटर्न अपलोड होईनात, तेव्हा केबलवाल्याचा मुलगा म्हणाला, "काकू, माडीला दुसरं कनेक्शन टाकून देतो की. दोन्हीकडं फुल रेंज."

मी नको म्हटलं. मी टेलिफोन खात्यात तंत्रज्ञ होते, साताऱ्यातच, आणि जानेवारी २०२० मध्ये हजारो सहकाऱ्यांबरोबर स्वेच्छानिवृत्ती घेतली. इतकी वर्षं फॉल्ट शोधण्यात घालवल्यावर एक सवय अंगात भिनते: दोष कुठे आहे हे कळल्याशिवाय काही बदलायचं नाही. घरात येणारी लाइन १०० एमबीपीएसची. व्हिडिओ मीटिंगला साधारण ३-४ एमबीपीएस पुरतात, टीव्हीवर एचडी सिनेमा लावला तर ५-६. सरकारी पोर्टलला तर काहीच लागत नाही म्हटलं तरी चालेल. सगळं घर एकाच वेळी बसलं तरी त्या लाइनचा अर्धाही भाग वापरला जात नव्हता. मग दुसरी लाइन घेऊन काय होणार? राऊटरच्या शेजारी लॅपटॉप तारेने जोडून स्पीड मोजला तर पूर्ण ९४-९५. माडीवर वायफायने मोजला तर ६-७, आणि तोही हेलकावे खाणारा. दोष आमच्या घराच्या आत होता. आमच्या भिंती काळ्या दगडाच्या, दीड-दोन फुटी. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय त्यातून जातच नाही, आणि २.४ गिगाहर्ट्झचं जातं ते थकून.

बाहेरून येणारी तार एकच पुरते, पण आतली तार नीट ओढायला लागते. आतल्या तारेकडे कोणी लक्ष देत नाही. केबलवाला दारापाशी डबी लावून जातो, इलेक्ट्रिशियनला लाइट-पंख्याचं कळतं, आणि दोघांच्या मध्ये जे राहतं ते वायफायच्या भरवशावर सोडून दिलं जातं.

आता एका लाइनवर इतके कॉम्प्युटर कसे चालतात, हे माझ्या मैत्रिणी नेहमी विचारतात, म्हणून सांगते. केबलचं इंटरनेट आमच्या गल्लीत आलं तेव्हा गच्ची-गच्चीवरून निळ्या-करड्या तारा टाकलेल्या असत, मध्ये कुठेतरी पत्र्याच्या डबीत स्विच, म्हणजे एका तारेला अनेक तारा जोडणारं यंत्र, आणि एका कनेक्शनला एकच कॉम्प्युटर. केबलवाला कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाचा पक्का ओळखक्रमांक, म्हणजे मॅक अॅड्रेस आपल्याकडे नोंदवून ठेवायचा. दुसरं मशीन लावलं की नेट बंद. लोक त्यावर दोन उपाय करत. ज्यांच्याकडे १९९९ मध्ये आलेलं विंडोज ९८ सेकंड एडिशन होतं, ते एका कॉम्प्युटरला दोन कार्डं बसवून इंटरनेट कनेक्शन शेअरिंग चालू करत आणि क्रॉस केबलने दुसरं मशीन जोडत. पहिलं मशीन बंद केलं की दुसऱ्याचंही नेट गेलं. राऊटर स्वस्त झाले तेव्हा दुसरा उपाय सोपा झाला: राऊटरच्या सेटिंगमध्ये 'मॅक क्लोन' म्हणून सोय असते, तिथे जुन्या कार्डाचा पत्ता टाकायचा. केबलवाल्याच्या यंत्रणेला तेच ओळखीचं मशीन दिसतं. आजही काही ठिकाणी राऊटर बदलल्यावर नेट चालत नाही, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. हल्ली मात्र बहुतेक जण पीपीपीओई वापरतात, म्हणजे युजरनेम आणि पासवर्ड. तो कॉम्प्युटरमध्ये न टाकता राऊटरमध्ये टाकायचा, म्हणजे लॉगिन राऊटर करतो आणि मागे किती मशीनं आहेत याच्याशी बाहेरच्याला कर्तव्य राहत नाही.

राऊटरच्या आत जे घडतं ते मला पहिल्याच दिवशी कळलं, कारण ते मी आयुष्यभर पाहिलं होतं. कारखान्यात ईपीएबीएक्स असतो तसंच हे. बाहेरच्या जगाला कारखान्याचा एकच नंबर माहीत, आत मात्र प्रत्येक टेबलाला आपापलं एक्स्टेंशन. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते (आयपी) ३२ बिटांचे, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. जगाला ते पुरणार नाहीत हे लवकरच लक्षात आलं. १९९४ मध्ये पत्ते बदलून देण्याची, म्हणजे 'नॅट'ची, पद्धत मांडली गेली आणि १९९६ मध्ये काही पत्ते घरांसाठी आणि कचेऱ्यांसाठी कायमचे बाजूला ठेवले गेले. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता तुमच्या घरातही असेल, माझ्याही आहे, आणि त्यात काही गोंधळ होत नाही. पुतणीच्या लॅपटॉपने पान मागितलं की राऊटर आपल्या यादीत टिपून ठेवतो की हे अमुक क्रमांकावरून गेलं, आणि उत्तर आलं की त्याच मशीनकडे परत पाठवतो.

आता कामाच्या भागाकडे येते.

मी ज्या मशीनची जागा ठरलेली आहे तिथे तार नेली, आणि जी हातात फिरतात त्यांना वायफाय. जाऊबाईंची दोन, माझं एक, मुलाच्या टेबलाजवळ दोन आणि पुतणीच्या टेबलाजवळ एक. राऊटर तळमजल्याच्या मधल्या खोलीत ठेवला. तिथून जाऊबाईंकडे दोन तारा, माझ्याकडे एक आणि माडीवर एकच. माडीवर आठ पोर्टचा, म्हणजे तार खोचायच्या आठ खाचांचा, गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) स्विच लावला. साध्या स्विचला काही सेटिंग लागत नाही, तारा खोचल्या की झालं. माडीवर तार नेण्यासाठी दगडी भिंतीला भोक पाडायची वेळ आली नाही. जुन्या लँडलाइनची ड्रॉप वायर, म्हणजे खांबावरून घरात आलेली तार, ज्या भोकातून वर गेली होती ती काढली आणि त्याच वाटेने नवी तार ओढली. तुमच्याही घरात अशी वाट असेल, आधी ती शोधा.

तार घेताना मात्र फार जपा. दुकानात दिसायला सारख्या दोन पेट्या असतात, एक निम्म्या किमतीची. स्वस्तातली बहुतेक वेळा अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. ब्लेडने एक तार खरवडून बघा: आत रुपेरी निघाली तर परत करा. ती दोनदा वाकवली की तुटते, आणि जोडणीच्या ठिकाणी काही महिन्यांनी सैल पडते. नक्की तांब्याची, कॅट-५ई किंवा कॅट-६ घ्या. एका तुकड्याची लांबी १०० मीटरच्या आत ठेवायची असते, घरात ते ओलांडायचा प्रश्नच येत नाही. विजेच्या २३० व्होल्टच्या तारांच्या पाइपमधून ही तार कधीही नेऊ नका. दोन्ही एकमेकींना ओलांडणार असतील तर काटकोनात ओलांडू द्या.

आणि क्रिम्पिंग, म्हणजे तारेच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवणं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बिघाड इथेच होतो आणि कोणाला सापडत नाही.

केबलमध्ये चार जोड्या असतात: निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी. एमडीएफवर, म्हणजे एक्स्चेंजमध्ये बाहेरच्या तारा जिथे जोडतात त्या चौकटीवर, काम केलेल्या कोणालाही हा क्रम झोपेत विचारला तरी सांगता येईल. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा असेच आमचे जोड मोजले जायचे. आरजे-४५ मध्ये, म्हणजे नेटवर्क तारेच्या आठ पिनांच्या कनेक्टरमध्ये, मात्र क्रम वेगळा लागतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी फोडून निळीच्या दोन्ही बाजूंना का बसवली, हे एकदा कळलं की क्रम विसरत नाही. मधल्या दोन पिना टेलिफोनच्या जोडीच्या. त्या जागी निळी जोडी तशीच राहू दिली, आणि हिरवी तिच्या अलीकडे-पलीकडे गेली. मला याचा आनंद अजून होतो.

शेजारच्या एका घरात इलेक्ट्रिशियनने दोन्ही टोकांना जोड्या ओळीने लावल्या होत्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, दोन-दोन. दोन्हीकडे सारखंच असल्याने टेस्टरवर आठही दिवे बरोबर लागत होते, त्यामुळे तो म्हणे तार ठीक आहे. पण ३ आणि ६ या पिनांनी मिळून एक सिग्नल जातो, आणि त्या दोन तारा एकाच पिळाच्या असाव्या लागतात. पीळ असतो तो बाहेरचा आणि शेजारच्या जोडीचा गोंगाट मारण्यासाठीच. इथे ३ आणि ६ दोन वेगळ्या पिळांतल्या झाल्या, म्हणून लहान तुकडा चालायचा आणि लांब तुकडा तासाला दहादा तुटायचा. टेस्टर फक्त वीज पोचते का एवढंच सांगतो. दोन्ही टोकं कापून क्रमाने लावली आणि तक्रार संपली. पीळही कनेक्टरच्या अगदी जवळपर्यंत ठेवा, अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका, आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर सगळा ताण नाजूक तारांवर येतो.

तपासायची एक सोपी रीत आहे. राऊटर, स्विच आणि कॉम्प्युटर तिन्ही गिगाबिटचे असतील तर कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००० दिसला पाहिजे. १०० दिसत असेल तर एखादी जोडी नीट बसलेली नाही, कारण १०० ला दोनच जोड्या पुरतात आणि १००० ला चारही लागतात. केबलवाल्यांच्या काही जुन्या तारांत मुळात दोनच जोड्या जोडलेल्या असतात. १०० च्या वरचा प्लॅन घेऊन त्या घरात तो कधीच मिळत नाही.

माडीवरच्या फोनांसाठी वरती वायफाय हवंच होतं. जुना राऊटर टाकून न देता तोच वापरला. लोक तो जसाच्या तसा जोडतात आणि मग प्रिंटर दिसत नाही, खालचं वरती सापडत नाही, कारण एका राऊटरमागे दुसरा, असे पत्ते दोनदा बदलले जातात. तो फक्त वायफायपुरता ठेवायचा. आधी त्याचा स्वतःचा पत्ता बदलायचा, मुख्य राऊटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२. मग त्यातलं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करायचं. आणि तार त्याच्या वॅन (बाहेरच्या लाइनच्या) पोर्टात न खोचता लॅन (घरातल्या मशीनच्या) पोर्टात खोचायची. नवीन राऊटरमध्ये 'अॅक्सेस पॉइंट मोड' असं एकच बटण असतं, ते हेच करतं. खालचा २.४ चा चॅनेल १ वर, वरचा ११ वर, नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच. पासवर्ड लांब ठेवा आणि राऊटरचा आतला अॅडमिन पासवर्डही बदला, डब्यावर छापलेला ठेवू नका.

वॅन आणि लॅनच्या पोर्टाची अदलाबदल किती महागात पडते ते आमच्या गल्लीने पाहिलं आहे. एका संध्याकाळी सात-आठ घरांचं नेट एकदम गेलं, पण वायफायचे दिवे सगळे चालू. मी आमच्या राऊटरचा बाहेरचा पत्ता पाहिला तर तिथे १९२.१६८.०.१०३. तेव्हा आमच्याकडे पीपीपीओई नव्हतं, बाहेरचा पत्ता केबलवाल्याकडून यायचा, आणि हा त्याचा नव्हताच. गल्लीत कोणीतरी नवा राऊटर आणून केबलवाल्याची तार त्याच्या लॅन पोर्टात खोचली होती, आणि तो राऊटर अख्ख्या गल्लीला पत्ते वाटत बसला होता. केबलवाल्याच्या मुलाला मी फोन करून सांगितलं, "ज्याच्याकडे आज नवा राऊटर आला त्याच्याकडे जा." तासाभरात सगळं सुरळीत झालं. चांगले स्विच वापरले तर ग्राहकाच्या बाजूने आलेली पत्त्यांची वाटणी अडवता येते. ते त्याने पुढे बसवून घेतले, याचं मला फार बरं वाटलं.

विजेबद्दल लिहिल्याशिवाय थांबवणार नाही. एप्रिल-मे मधला वळीव साताऱ्यात कडकडाट घेऊन येतो. वीज घरावर पडायला लागत नाही. खांबावरून गच्चीवर आलेल्या तांब्याच्या तारेत जवळपासच्या विजेने दाब निर्माण होतो आणि तो थेट राऊटरच्या पोर्टात शिरतो. मग वायफाय दिसतं, सगळे दिवे लागतात, फक्त वॅनचा दिवा मेलेला. काही वेळा स्विचमधून पुढे कॉम्प्युटरचं मदरबोर्डही जातं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आम्ही एमडीएफवर बाहेरून आलेल्या जोड्यांना जीडी ट्यूब लावायचो, जास्तीचा दाब आला की ती तो जमिनीत उतरवते. गच्चीवरून येणाऱ्या या तारांना तसं काहीच नसतं. म्हणून केबलवाल्याकडे हट्ट धरायचा असेल तर दुसऱ्या कनेक्शनचा न धरता हा धरा: फायबर घराच्या आतपर्यंत आणा. काच वीज वाहून नेत नाही. पण फायबरच्या तारेबरोबर आधारासाठी पोलादी तारही असते, ती बाहेरच कापून घ्या, भिंतीच्या आत येऊ देऊ नका. आमचा ओएनयू, म्हणजे फायबर जिथे संपतं ती डबी, आता मधल्या खोलीत राऊटरच्या शेजारी आहे आणि गच्चीवरून तांबं येत नाही. त्याच खोलीत १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला, म्हणजे लाइट गेली तरी ओएनयू आणि राऊटर दोन्ही चालू. ओएनयू स्वतः राऊटरचं काम करायला लागला होता, त्याला केबलवाल्याकडून ब्रिज मोडमध्ये, म्हणजे नुसतं पुढे पोचवण्याच्या कामावर, टाकून घेतलं, म्हणजे लॉगिन पुन्हा आमच्या राऊटरकडे.

इतकं झाल्यावर एकच तक्रार उरली होती. संध्याकाळी जाऊबाईंचा दिवसभराचा बॅकअप वर चढायला लागला की माडीवर मुलाचा आवाज तुटायचा. स्पीड मोजला तर भरपूर. इथे कमी पडत होती ती रांगेची शिस्त. एक मशीन पूर्ण ताकदीने अपलोड करायला लागलं की बाकीच्यांची माहितीची लहान लहान पाकिटं त्याच्या मागे ताटकळतात. राऊटरमधल्या क्यूओएसमध्ये, म्हणजे कोणाला आधी वाट द्यायची ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, मी अपलोडची मर्यादा खऱ्या स्पीडच्या सुमारे ८५ टक्के ठेवली. थोडा वेग सोडून दिला की रांग आपल्या राऊटरच्या ताब्यात राहते आणि बोलण्याच्या पाकिटांना वाट मिळते. जाऊबाईंचा बॅकअप आता थोडा उशिरा संपतो, पण संध्याकाळच्या मीटिंगांना त्रास नाही.

जाऊबाईंना माहेरी कराडला गेल्यावर तिथून ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचं टॅली उघडायचं होतं. राऊटरच्या बाहेरच्या पत्त्यात पाहिलं तर १०० ने सुरू होणारा पत्ता, पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला. म्हणजे केबलवाला अनेक घरं मिळून एकाच पत्त्यामागे ठेवतो. अशा वेळी आपल्या राऊटरमध्ये पोर्ट उघडून, म्हणजे बाहेरून आत यायला दार ठेवून, उपयोग नाही, बाहेरून कोणी पोचतच नाही. कॅमेऱ्याचा डीव्हीआर बाहेरून का दिसत नाही याचंही बहुतेकदा हेच उत्तर. जाऊबाई म्हणाल्या, "ताई, वर्षाचे थोडे जास्त पडले तरी चालतील, पण क्लायंटची कामं अडायला नकोत." दुसऱ्या कनेक्शनपेक्षा ते पैसे कमीच होते, म्हणून स्थिर आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा बाहेरचा पत्ता, घेतला. रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवायच्या सोयीचं, पोर्ट मात्र जगाला उघडं करू दिलं नाही, अशी उघडी दारं शोधणारी मशीनं रात्रंदिवस फिरत असतात. राऊटरवरच वायरगार्ड, म्हणजे बाहेरून घरापर्यंतची कुलूपबंद वाट (व्हीपीएन), लावलं, त्याची किल्ली फक्त जाऊबाईंकडे. ऑफिसच्या मशीनला राऊटरमध्ये कायमचा १९२.१६८.१.२० हा पत्ता राखून ठेवला, म्हणजे लाइट जाऊन आली तरी तो बदलत नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी कराडहून दोन रिटर्न भरली.